ट्रक जास्त माल वाहतो, लवकर पोचतो; मग मालकाच्या हाती कमी का उरते?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

डिझेल महागले, टोल वाढला किंवा टायरचे दर चढले की वाहतूकदारांच्या आंदोलनाची बातमी येते आणि चार दिवसांत मागे पडते. मालट्रकच्या धंद्याविषयी बाहेर जी चर्चा होते ती बहुतेक खर्चाच्या बाजूनेच होते. कोल्हापुरात आमच्या घरी हा धंदा दोन पिढ्यांपासून आहे आणि गाड्यांचा हिशेब मी पाहतो, म्हणून उत्पन्नाच्या बाजूविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. माझे म्हणणे असे आहे की, २०१७ पासून नाके गेले, रस्ते सुधारले, गाडीची भारक्षमता वाढली आणि तोच ट्रक पूर्वीपेक्षा अधिक माल अधिक लवकर पोचवू लागला; पण या वाढीव कामाचा पैसा ट्रकमालकाकडे थांबला नाही. भाडे उतरले आणि तो माल पाठवणाऱ्याकडे गेला. वाढलेला खर्च मात्र मालकाकडेच राहिला.

क्रमाने पाहू. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि त्याच दिवशी मुंबईची जकात बंद झाली. दहिसर, मुलुंड, मानखुर्द येथील जकात नाक्यांवर रात्र काढलेल्या चालकांना हा बदल किती मोठा होता ते सांगावे लागणार नाही. राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराच्या चौक्याही उठल्या. २०१८ मध्ये ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद, आले आणि फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. या प्रत्येक सुधारणेने गाडीचे उभे राहण्याचे तास कमी केले. मात्र सगळ्याच गाड्यांचा वेळ एकदम वाचला, म्हणजे एकही नवीन ट्रक रस्त्यावर न येता बाजारात ट्रकांचा पुरवठा वाढला. माल त्या प्रमाणात वाढला नाही.

त्यानंतरचा बदल याहून मोठा होता. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली. आपल्याकडे ज्याला दहा चाकी म्हणतात त्या तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. रिकाम्या गाडीचे वजन नऊ टनांच्या आसपास धरले तर कायदेशीर माल १६ टनांवरून १९.५ टनांवर गेला, म्हणजे वीस टक्क्यांहून अधिक वाढ. टनामागे भाडे मिळते तेव्हा मालकाला प्रथम आनंद वाटतो, कारण त्याच फेऱ्यात साडेतीन टन जास्त बसतात. पण देशातील सगळ्याच गाड्यांना ते जास्त बसू लागले की टनाचा दर खाली येतो, आणि काही महिन्यांत फेऱ्याची एकूण रक्कम पूर्वी होती तिथेच येऊन थांबते. जास्तीच्या वजनाने घासलेले टायर, खचलेले कमानपाटे आणि वाढलेले डिझेल एवढे मालकाच्या वाट्याला उरते.

याच सुमारास सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तसंस्थेने कर्जफेड चुकवल्याचे प्रकरण बाहेर आले, बिगर-बँक वित्तसंस्थांकडचा पैसा आटला आणि जुन्या ट्रकवर कर्ज मिळणे अवघड झाले. या सगळ्याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो: २०१९-२० या आर्थिक वर्षात देशातील मध्यम व अवजड व्यापारी वाहनांची विक्री आदल्या वर्षापेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. हे वर्ष जवळजवळ संपता संपता टाळेबंदी लागली, म्हणून पुष्कळांच्या आठवणीत ही मंदी कोविडच्या खाती जमा आहे. वस्तुतः धंदा त्याआधीच बसला होता. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके आली, गाड्यांच्या किमती वाढल्या आणि डिझेलबरोबर धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाचा डबाही खर्चात आला.

आता डिझेल. महिन्याला ८,००० किलोमीटर धावणारी आणि लिटरला चार किलोमीटर देणारी गाडी २,००० लिटर डिझेल पिते. डिझेल एक रुपयाने वाढले की महिन्याला २,००० रुपये गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली होती. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क अनुक्रमे दहा व सहा रुपयांनी कमी केले. दर कमी झाला तेव्हा माल पाठवणाऱ्या कंपन्यांनी भाडे उतरवून मागितले आणि ते उतरलेही. दर चढत होता तेव्हा मात्र भाडे वाढवून मिळण्यासाठी महिनोन्‌महिने पत्रे लिहावी लागली. दोन दिशांना दोन वेगळ्या गती असतात, आणि या फरकातच लहान मालक संपतो.

असे का होते, याचे उत्तर भाडे ठरण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडील बहुसंख्य मालकांकडे एक ते पाच गाड्या आहेत. कारखान्याचा माल त्यांना थेट मिळत नाही; तो मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीला किंवा हुंडेकऱ्याला, म्हणजे माल पोचवण्याचा ठेका घेणाऱ्याला, मिळतो आणि तेथून दलालामार्फत गाडीपर्यंत पोचतो. चाकणहून बंगळूरला गेलेली गाडी तेथे माल उतरवून उभी असते. रोजचा हप्ता, चालकाचा भत्ता आणि पार्किंग चालूच असते. तिसऱ्या दिवशी मालक डिझेलपुरते भाडे मिळाले तरी 'भरा' म्हणतो. त्याच्या बाजूने हा निर्णय बरोबरच असतो, कारण रिकामे येण्यापेक्षा डिझेल सुटणे बरे. पण हजारो मालक हाच बरोबर निर्णय घेतात तेव्हा परतीच्या मार्गाचा दर डिझेलच्या किमतीवरच जाऊन बसतो.

भाडे ठरले तरी ते पूर्ण हाती येत नाही. बिल्टीवर, म्हणजे मालाबरोबरच्या वाहतुकीच्या पावतीवर, लिहिलेल्या रकमेतून साधारण ऐंशी ते नव्वद टक्के अ‍ॅडव्हान्स मिळतो, त्यातूनच दलाली वळती होते, आणि बाकी रक्कम पोच आल्यावर मिळायची असते. पोच म्हणजे सही-शिक्क्याची बिल्टी. ती टपालाने किंवा कुणाच्या हाती परत येईपर्यंत दोन आठवडे जातात. मग घट, ओला माल, उशीर अशी कारणे काढून त्या उरलेल्या रकमेतून कापाकापी होते. एका बिल्टीवर लाल शाईने 'एक पोते फाटलेले' एवढाच शेरा होता आणि त्यासाठी कापलेली रक्कम त्या पोत्यातील मालाच्या किमतीहून जास्त होती. वाद घातला तर पुढचे लोड मिळत नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, टायरवरीलही तेवढाच उतरला आणि मालवाहू वाहनांच्या त्रयस्थ पक्ष विम्यावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. पस्तीस लाखांच्या मूळ किमतीवर साडेतीन लाख रुपये वाचतात, ही लहान रक्कम नव्हे. परंतु ज्याच्याकडे चालू गाडी आहे त्याच्या गाडीची बाजारातील किंमत नव्या गाडीच्या किमतीबरोबर खाली येते, आणि कर्ज मात्र जुन्या किमतीवरचेच राहते. शिवाय गाड्या स्वस्त झाल्या की नव्या गाड्या येणार, पुरवठा पुन्हा वाढणार. म्हणून मला या सवलतीचा आनंद मोकळेपणाने होत नाही.

तुमच्या भागात, तुमच्या मालात काय दिसते ते लिहावे. मतभेद असतील तर तेही अवश्य लिहावेत.

---

काटापावती

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रेलर भरणाऱ्यांपैकी मी एक आहे. अ‍ॅक्सल भाराविषयी आपण लिहिले ते बरोबर आहे, पण त्यात एक बाजू राहिली. २०१८ पूर्वी लोखंडाच्या धंद्यात मर्यादेत भरणारी गाडी शोधावी लागत असे. पंचवीस टनांच्या गाडीत सर्रास त्याहून जास्त माल जात होता, आणि जो मालक कायदा पाळत होता त्याला टनाचा दर परवडत नव्हता. मर्यादा वाढल्याने निदान तो प्रामाणिक मालक स्पर्धेत आला, ही त्या निर्णयाची जमेची बाजू मानली पाहिजे. मात्र जास्त भरणाऱ्यांनी नव्या मर्यादेच्याही वर भरायला सुरुवात केली, आणि आता ई-चलान थेट मालकाच्या नावावर येते. माल चढवून देणारा, काट्यावर वजन करून पावती देणारा, या साखळीतील दुसऱ्या कुणालाही त्याची झळ बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये गाडी चालवणाऱ्याबरोबर ती चालवायला लावणाऱ्यावरही दंडाची तरतूद आहे. तिची अंमलबजावणी माल पाठवणाऱ्याच्या दारापर्यंत गेली तर अतिभाराचा प्रश्न पुष्कळ सुटेल.

दुसरा मुद्दा वाराईचा. माल चढवणे-उतरवणे हे काम मालधन्याचे, तरी त्याची मजुरी ट्रकच्या भाड्यातून कापली जाते. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही मागणी कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागातील लॉरीमालकांनी लावून धरली, ती अगदी न्याय्य आहे. काही पेठांमध्ये ती मान्य झाली, पण गाडी राज्याबाहेर गेली की उतरवण्याच्या ठिकाणी चालकाच्या खिशातूनच पैसे जातात आणि त्याची पावतीही मिळत नाही. मालकाच्या वहीत तो खर्च 'किरकोळ' या सदरात जातो. वर्षाअखेर हे किरकोळ सदर बेरजेला घेतले तर ते टायरच्या खर्चाला भिडते.

---

चाळीतला कांदा

मी पिंपळगाव बसवंतला कांद्याची खरेदी करतो, म्हणजे आपण ज्याला माल पाठवणारा म्हणता त्यांपैकी मी आहे. धागा अभ्यासपूर्ण आहे, परंतु माल पाठवणारा नेहमी वरचढ असतो हे मला मान्य नाही. उन्हाळ कांद्याची आवक जोरात असते त्या दिवसांत गाडी मिळत नाही. त्याच वेळी द्राक्षे, आंबा आणि मार्चअखेरचा कारखान्यांचा माल हे सगळे गाड्या ओढत असतात, आणि कोलकात्याकडचे भाडे आठवड्याभरात इतके चढते की कांद्याच्या किमतीपेक्षा भाडे जास्त अशी वेळ येते. नाशवंत माल घेऊन बसलेल्या माणसाजवळ थांबण्याची सोय नसते. तेव्हा वाढीव दर कोण घेतो? आपण म्हणता तसा लहान मालक घेत असेल तर आनंद आहे, पण माझ्या अनुभवात तो दलाल घेतो. मालकाला बहुधा ठाऊकही नसते की मी किती दिले.

दुसरे, धोरणाचा फटका दोघांनाही एकत्र बसतो याची नोंद घ्यावी. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांदा निर्यातबंदी आली ती ४ मे २०२४ रोजी उठली. त्यानंतरही निर्यात शुल्क होतेच, ते १ एप्रिल २०२५ पासून गेले. बंदीची बातमी आली त्या वेळी भरलेल्या गाड्या उरणच्या आणि बांगलादेश सीमेच्या वाटेवर होत्या. माल सडला तो आमचा, पण त्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या त्यांचे दिवस कुणीच भरून दिले नाहीत. निफाड, चांदवड, येवला या पट्ट्यात ट्रक घेणारे बहुतेक शेतकरी कुटुंबातलेच आहेत. कांदा पडला की घरातील शेतीचे आणि गाडीचे, अशी दोन्ही उत्पन्ने एकाच आठवड्यात बसतात, आणि हप्ता भरायला तिसरे काही नसते.

ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली ते दानापूर किसान रेल्वे सुरू झाली तेव्हा आमच्याकडील वाहतूकदारांना धास्ती वाटली होती. मला मात्र शेतमालासाठी रेल्वे हा ट्रकचा शत्रू वाटत नाही, कारण कांदा साठवण्याच्या चाळीपासून स्थानकापर्यंत आणि तेथून पुढे बाजारापर्यंत गाडी लागतेच.

---

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

@चाळीतला कांदा, आपला आक्षेप योग्य आहे आणि त्याने माझ्या मुद्द्यात भर पडते. हंगामात दर चढतो हे खरे. पण दर चढण्याचे दिवस मोजके आणि उतरण्याचे महिने जास्त, शिवाय चढलेल्या दराची माहिती मधल्या माणसाकडेच अडते. दोन्ही टोकांना एकमेकांचा दर कळत नाही, ही या बाजाराची मुख्य उणीव आहे. मोबाइलवरील लोड मिळवून देणाऱ्या सेवांमुळे ती काही अंशी भरून निघेल असे वाटले होते. त्या सेवांचा उपयोग टोल आणि डिझेलची देणी भागवण्यासाठी पुष्कळ होतो. भाड्याच्या बाबतीत मात्र आमच्या भागात तेथे माल टाकणारेही बहुतेक दलालच आहेत.

---

ताळेबंद

लेखापाल म्हणून काही वाहतूकदारांची कामे पाहतो. दोन-तीन गोष्टी येथे नोंदवतो, कारण लहान मालकांना त्या पुरेशा ठाऊक नसतात.

दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला आयकरात अंदाजित उत्पन्नाची, म्हणजे वह्या न ठेवता गाडीमागे ठरावीक उत्पन्न दाखवण्याची, सोय आहे. पूर्वी ती सर्व गाड्यांना महिन्याला सरसकट ७,५०० रुपये अशी होती. २०१८ च्या अर्थसंकल्पाने १२ टनांवरील अवजड वाहनांसाठी ती एकूण वजनाच्या टनामागे महिन्याला १,००० रुपये अशी केली. म्हणजे २८.५ टनांच्या दहा चाकीचे उत्पन्न वर्षाला ३ लाख ४२ हजार रुपये धरले जाते, मग गाडी धावो वा दारात उभी राहो. योगायोग असा की, हे वर्ष तेच, ज्या वर्षी भारमर्यादा वाढली. कागदावर उत्पन्न चौपटीजवळ गेले आणि प्रत्यक्षात भाडे उतरले. आता नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे तीन दहा चाकींपर्यंतचा मालक करातून सुटतो. त्याहून जास्त गाड्या असणाऱ्याने, खरे उत्पन्न कमी असेल तर, वह्या ठेवून लेखापरीक्षण करून घेण्याचा विचार अवश्य करावा. बहुतेक मालक डिझेलच्या पावत्या चालकाकडेच राहू देतात आणि वर्षाअखेर हा मार्ग बंद होतो.

थकलेल्या पैशांबाबत: १ एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म व लघु उद्योगाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे न देणाऱ्या कंपनीला, ते प्रत्यक्ष देईपर्यंत, तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. वाहतूक सेवा देणाराही यात बसतो. अट एवढीच की त्याची 'उद्यम', म्हणजे लहान उद्योगांची सरकारी, नोंदणी हवी. नोंदणी विनाशुल्क होते. मार्च महिन्यात कंपन्या स्वतःहून फोन करून थकबाकी भागवतात हे मी पाहिले आहे. परंतु एका गाडीच्या मालकाचे येणे कंपनीकडे नसून ट्रान्सपोर्टरकडे असते, आणि मालकाने नोंदणी क्रमांक त्याला लेखी कळवलेला नसतो, म्हणून ही तरतूद साखळीच्या खालच्या टोकापर्यंत झिरपत नाही.

जीएसटीबद्दल धागाकर्त्यांनी जे लिहिले त्यात थोडी भर. भरलेल्या कराची वजावट घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना २८ काय किंवा १८ काय, फारसा फरक पडत नव्हता. तो कर त्यांना परत मिळतच होता. ट्रान्सपोर्टरला गाडी भाड्याने देणाऱ्या लहान मालकाची सेवा करमुक्त असल्याने त्याला वजावट मिळत नाही, आणि म्हणून दहा टक्क्यांचा खरा लाभ त्यालाच होतो. डिझेल मात्र अजून जीएसटीच्या बाहेर आहे. खर्चाचा सर्वांत मोठा भाग वजावटीच्या साखळीबाहेर राहतो तोवर या धंद्यात करसुधारणा अर्धीच झाली असे मी समजतो.

---

करळफाटा

उरणहून लिहितो. न्हावा-शेवा बंदराने २०२४ मध्ये सत्तर लाखांहून अधिक टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाने) कंटेनर हाताळले, त्यामुळे येथे मालाचा तुटवडा आहे असे कुणी म्हणणार नाही. तरीही ट्रेलरमालकांची अवस्था वरच्या प्रतिसादांपेक्षा वेगळी नाही, आणि त्याचे कारण वेळ हे आहे. कंटेनरच्या भाड्यात अंतर मोजले जाते, थांबणे मोजले जात नाही. द्रोणागिरीच्या गोदामापासून बंदराच्या दारापर्यंत अंतर थोडे. पण कागद अडला, यंत्रणा बंद पडली किंवा जहाजाची वेळ बदलली की जासई ते करळ या पट्ट्यात गाडी रात्रभर उभी. महिन्यात जितके फेरे व्हायला हवेत त्यांच्या निम्मेच होतात आणि हप्ता पूर्ण द्यावा लागतो. थांबण्याचे पैसे करारात लिहिलेले असतात, परंतु दाराशी आल्याची वेळ कुणी लिहून देत नाही.

समर्पित मालवाहू रेल्वेमार्गाचा परिणाम येथे स्पष्टपणे जाणवणार आहे. दिल्लीजवळील दादरी ते जेएनपीटी, म्हणजे न्हावा-शेवा, असा १,५०६ किलोमीटरचा पश्चिम मार्ग आहे आणि त्याचे मोठे टप्पे चालू झाल्यापासून गुजरातमधील बंदरांकडून दिल्लीच्या बाजूला जाणारे कंटेनर रेल्वेवर चढू लागले आहेत. हजार किलोमीटरपेक्षा लांबचा कंटेनर आज ना उद्या ट्रेलरकडून जाणार, हे गृहीत धरूनच नवी गाडी घ्यावी. जे शंभर-दोनशे किलोमीटरचे काम उरेल, त्यात फेरे जास्त, थांबणे जास्त आणि डिझेलपेक्षा वेळेचा खर्च मोठा असेल. त्या कामाचे भाडे किलोमीटरवर ठरवणे चुकीचे आहे. ते तासांवर ठरले पाहिजे. पालघरमध्ये वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे, पण ते बंदर झाले तर आमच्याकडील अनेक गाड्यांना तिकडे जावे लागेल.

---

मिशिगनकाठ

शिकागोजवळ एका मालवाहतूक कंपनीत दर ठरवण्याचे काम करतो. मूळ गाव सांगली जिल्ह्यात. धाग्यातील वर्णन वाचून जाणवले की येथील लहान मालकही याच फेऱ्यातून गेला आहे. २०२१ मध्ये भाडी भरमसाट वाढली, हजारो चालकांनी महाग गाड्या घेतल्या, २०२२ पासून दर कोसळले आणि मंदी लांबली. २०२३ च्या उन्हाळ्यात यलो ही जवळजवळ शतकभराची मालवाहतूक कंपनी बंद पडली आणि सुमारे तीस हजार लोकांचे काम गेले. तेव्हा पुरवठा वाढून दर पडणे हे फक्त भारतातच घडते असे नाही.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. येथील मुदतीच्या करारांत मूळ भाडे आणि इंधन अधिभार या दोन रकमा वेगळ्या लिहिल्या जातात. ऊर्जा खात्याची माहिती संस्था दर आठवड्याला डिझेलचा सरासरी दर जाहीर करते आणि अधिभार त्या आकड्याशी बांधलेला असतो. डिझेल चढले तर भाडे आपोआप चढते, उतरले तर उतरते. पत्र लिहावे लागत नाही आणि कुणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. तात्काळ भरायच्या मालाला हे संरक्षण कमी मिळते, हेही सांगितले पाहिजे. भारतात २०१७ पासून डिझेलचा दर रोज जाहीर होतो. म्हणजे आधारासाठी लागणारा आकडा तुमच्याकडे आमच्यापेक्षा अधिक वेळा उपलब्ध आहे.

---

खंबाटकी

माझे वडील चालक होते आणि मी गाड्यांच्या देखभालीचे काम करतो. एवढ्या चर्चेत चालकाचा उल्लेख भत्त्यापुरताच आला, म्हणून लिहीत आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता आणि त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. ती लांब पल्ल्याच्या गाडीवर कुठे पाळली गेली? भाडे अपुरे असले की मालक सर्वप्रथम क्लिनर काढतो. मग रात्री घाट चढताना चालकाशी बोलायला, मागचे चाक बघायला, पाचर लावायला कुणी नसते. क्लिनर हाच उद्याचा चालक होता. क्लिनर बंद झाले आणि दहा वर्षांत चालकांचा तुटवडा झाला. २०१९ मध्ये आठवी उत्तीर्ण असण्याची अट काढली, तरी नवी मुले या कामाला येत नाहीत, कारण महिना-महिना घराबाहेर राहून मिळणारा पैसा त्यांना जवळच्या गावात डिलिव्हरीचे काम करून मिळतो.

जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्याय संहितेतील अपघाताच्या कलमावरून चालकांनी चाके थांबवली तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि दोनच दिवसांत सरकारला त्यांच्याशी बोलावे लागले. ते कलम अद्याप लागू झालेले नाही. चालकांची गरज किती आहे ते तेव्हा सगळ्यांना कळले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, तिचे मनापासून स्वागत करतो. मे महिन्यात इंजिनावर बसून विदर्भातून गाडी आणणाऱ्याला ते काय आहे ते ठाऊक असते. 'यामुळे गाडी महाग झाली' असे म्हणणाऱ्या मालकांनी, चालक न मिळाल्यामुळे गाडी किती दिवस उभी राहिली, तोही खर्च मांडून पाहावा.

---

काटापावती

@मिशिगनकाठ, इंधन अधिभाराची मागणी येथेही जुनी आहे. अडचण अशी की एकट्या मालकाने मागितले तर लोड दुसऱ्याला जाते, आणि संघटनेने सर्वांचा एकच दर जाहीर केला तर ती स्पर्धा कायद्यात अडकते. धागाकर्त्यांनी यावर काय केले ते वाचायला आवडेल.

---

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

@खंबाटकी, क्लिनर आणि चालकांचा तुटवडा यांतील संबंध इतक्या स्पष्टपणे मी मांडला नव्हता. आभार. @करळफाटा, तासांवर भाडे हा मुद्दा साखर कारखान्यांच्या गाळप हंगामालाही लागू आहे. ऊस घेऊन आलेली गाडी काट्यावर किती वेळ उभी राहते हे आमच्याकडील प्रत्येकाला माहीत आहे.

@काटापावती, स्पर्धा कायद्याच्या कलम ३ नुसार स्पर्धकांनी संगनमताने दर ठरवणे चालत नाही, हे खरे आहे. पण प्रत्येकाने आपापल्या करारात डिझेलचे कलम घालण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि नमुना सगळ्यांना उघडपणे माहीत असला तर मागणी करणे सोपे जाते. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीबरोबर आम्ही असे कलम केले आहे. शिरोलीपेक्षा वर दिलेले चाकणचे उदाहरण आकड्यांना सोपे पडते म्हणून हे कलम चाकण-बंगळूर मार्गावरच मांडतो.

एका बाजूचे अंतर ८५० किलोमीटर आणि लिटरला चार किलोमीटर धरले तर २१२.५ लिटर डिझेल लागते. हिशेबासाठी आधारदर ९० रुपये लिहावा. डिझेल ९१ झाले की फेऱ्याच्या भाड्यात २१२.५० रुपये वाढावेत, ८९ झाले की तेवढेच कमी व्हावेत, १९.५ टनांच्या मालावर हे टनामागे साधारण ११ रुपये होतात. दर कोणत्या शहराचा, कोणत्या तारखेचा आणि कोणत्या तेल कंपनीचा, हे करारात स्पष्ट लिहावे लागते. आम्ही महिन्याच्या पहिल्या तारखेचा दर घेतो, म्हणजे रोज आकडेमोड होत नाही. सीमेपलीकडे टाकी भरून वाचवलेले पैसे मालकाचेच राहतील, असेही एक वाक्य त्यात आहे, कारण राज्याराज्यांतील विक्रीकर वेगळा असल्याने हा वाद हमखास निघतो.

फाउंड्रीने दोन महिने घेतले, पण कलम मान्य केले. त्यांच्या खरेदी विभागाचा पहिला आक्षेप 'भाडे वाढेल' असा होता. मागील दोन वर्षांचे डिझेलचे दर समोर ठेवल्यावर, भाडे काही महिने उतरलेही असते, हे त्यांना दिसले. अडून राहिले ते एकाच ठिकाणी. परतीच्या बाजूला माल मिळाला नाही तर त्या २१२.५ लिटरवरील वाढ कुणी सोसायची? आम्ही निम्मी मागितली होती, त्यांनी नाकारली. नूतनीकरणाच्या वेळी हा मुद्दा पुन्हा काढायचा आहे, त्यासाठी गाडी किती वेळा रिकामी आली याची तारीखवार नोंद आता ठेवत आहोत. कुणाच्या करारात परतीच्या फेऱ्याचा असा उल्लेख असेल तर त्यातील शब्दरचना कृपया येथे द्यावी.

---

ताळेबंद

एका अशिलाच्या करारात मी पाहिलेली रचना अशी आहे, नाव वगळून देतो: 'माल उतरवल्यापासून ४८ तासांत परतीचा माल उपलब्ध न झाल्यास, एकमार्गी इंधन फरकाच्या चाळीस टक्के रक्कम माल पाठवणारा देईल, मात्र वाहतूकदाराने गाडी उपलब्ध असल्याची लेखी सूचना उतरवल्याच्या दिवशीच दिलेली असली पाहिजे.' लेखी सूचना म्हणून संदेश चालतो, असे त्यांनी खाली वेगळे लिहून घेतले आहे. उतरवल्याची वेळ मात्र पोच पावतीवर लिहून घ्यावी लागते. नेमके तेच चालक विसरतात आणि मग दावा टिकत नाही.